खडीसाखरेचा दोरा आणि पोटाचा घेर

घरात गुलाबजामांचा पाक होत असताना कधी शेजारी उभे राहिला आहात? साखर विरघळते, पाक उकळतो, बोटांमध्ये तार धरायला लागतो आणि मग घरातली जाणती बाई गॅस बंद करायच्या आधी त्यात थोडं लिंबू पिळते. कशाला, म्हणून विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं: पाक साखरू नये म्हणून. लिंबू राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी भांड्याच्या कडेला पांढरे खडे दिसतात. ज्या साखरेचं आपण पाणी केलं होतं, ती पुन्हा साखर होऊन बसते.

खडीसाखर करणारे हेच मुद्दाम घडवून आणतात. दाट पाकात दोरे सोडतात आणि थांबतात. पाकात मावणार नाही इतकी साखर असतेच, तिला फक्त बसायला जागा हवी असते. दोरा मिळाला की एक कण बसतो, त्यावर दुसरा, मग तिसरा, आणि काही दिवसांनी दोऱ्याभोवती काचेसारखे खडे लगडतात.

आता हे ऐका. या क्षणी तुमच्या मूत्रपिंडात जी लघवी तयार होते आहे ना, तीही असाच एक पाक आहे. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेट नावाचा क्षार बहुतेक वेळा इतका असतो, की साध्या पाण्यात तो तेवढा विरघळलाच नसता. तुमच्या, माझ्या, अगदी धडधाकट माणसाच्यासुद्धा! मुतखडा काही जणांनाच का होतो, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. मला तर याच्या उलट प्रश्न जास्त थक्क करतो: तो आपल्या सगळ्यांनाच, रोजच्या रोज, का होत नाही?

मूत्रपिंडाचं काम आकड्यांत पाहिलं की हा प्रश्न आणखीच टोकदार होतो. जेमतेम दीडशे ग्रॅमचा एक अवयव, असे दोन. प्रत्येकात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या. दोघं मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात. नऊ बादल्या! आणि त्यातून शेवटी लघवी होते ती फक्त दीड लिटरच्या आसपास. बाकीचं सगळं पाणी परत रक्तात. म्हणजे नको असलेले पदार्थ या उरलेल्या थोड्याशा पाण्यात आटवून भरायचे आणि तरीही त्यांचा खडा होऊ द्यायचा नाही! हलवायाला असं काम सांगून बघा.

हे जमतं, त्याला तीन कारणं आहेत. पाक वाहता असतो. कण जमायच्या आत पुढे ढकलला जातो. त्यात काही प्रथिनं असतात, जी कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. आणि तिसरं कारण म्हणजे सायट्रेट. ओळखीचं वाटलं? लिंबातलं जे सायट्रिक आम्ल, त्याचंच हे रूप. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, ऑक्झलेटच्या हाती लागू देत नाही. साखरेच्या पाकात लिंबाचं काम वेगळ्या रसायनाने होतं, तिथे साखरेचे रेणूच फुटतात. पण शरीरही आपल्या पाकात लिंबू पिळतं, ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा मी कितीतरी वेळ तिच्याच नादात होतो.

आणि दोरा? तोही सापडला आहे. अलेक्झांडर रँडॉल नावाच्या अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञाने शवांची मूत्रपिंडं उघडून पाहिली आणि 1937 साली लिहिलं, की मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांवर कॅल्शियमचे फिकट चट्टे असतात आणि काही ठिकाणी छोटे खडे त्या चट्ट्यांना चिकटून वाढत असतात. आजही त्यांना रँडॉलचे चट्टे म्हणतात. खडीसाखरेचा दोरा आपल्या आत आधीच टांगलेला असतो!

कधी कुणाच्या घरी औषधाच्या डबीत कापसावर जपून ठेवलेला खडा पाहायला मिळाला, तर नाक मुरडू नका, नीट बघा. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा कधी तुतीच्या फळासारखा गाठीगाठींचा असतो, कधी सराट्यासारखा चहूकडून टोकेरी. या टोकेरी स्फटिकांच्या खनिजाचं नाव वेडेलाइट. ते पडलं अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रावरून, कारण तिथल्या तळाच्या गाळात हे स्फटिक सापडले होते. दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रतळाचं खनिज आणि तुमच्या शेजाऱ्याच्या डबीतला खडा एकच! इतकं लांब जायचं नसेल तर आळू घ्या. कच्चा राहिलेला आळू घशाला खवखवतो, सुरण हाताला खाजतो, त्यामागे याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. त्याच क्षाराच्या सुया वनस्पती स्वतःच्या बचावासाठी बनवते. (टोमॅटोच्या बियांचे मात्र मुतखडे होत नाहीत. टोमॅटोत ऑक्झलेट फारसं नसतंच. बिचाऱ्याला उगाच दोष लागला.)

आता वजनाकडे येऊ, कारण खरी नवलाची गोष्ट तिथेच आहे.

जाड माणसाला मुतखडा होण्याचा धोका जास्त असतो का? असतो. 2005 साली टेलर, स्टँपफर आणि करहन या अमेरिकी संशोधकांनी तीन मोठ्या गटांची वर्षानुवर्षं साठलेली माहिती तपासली. सुमारे 46 हजार पुरुष आणि दोन वयोगटांतल्या मिळून 1 लाख 95 हजारांहून अधिक स्त्रिया. शंभर किलोच्या वर वजन असलेल्या पुरुषांना खडा होण्याचा धोका 68 किलोच्या आतल्या पुरुषांपेक्षा 44 टक्क्यांनी जास्त निघाला. स्त्रियांमध्ये हाच फरक जवळजवळ दुपटीचा होता. एकविसाव्या वर्षानंतर ज्या पुरुषांचं वजन सोळा किलोंहून जास्त वाढलं, त्यांचा धोका वजन न वाढलेल्यांपेक्षा 39 टक्क्यांनी वर गेला होता. कंबरेचा घेर वाढला, तसाही धोका वाढत गेला. आणि हे सगळं, माणसं काय खातात, किती पाणी पितात याचा हिशेब वजा करून!

म्हणजे नुसतं खाणं नव्हे. मग चरबी करते तरी काय? पोटावरची चरबी काही मूत्रपिंडावर बसून त्याला दाबत नाही. आणि खडा तर पाकात होतो. मग पोटाच्या घेराला पाकापर्यंत जायला वाट मिळाली कुठून?

थोडी वाट सरळ आहे. शरीर मोठं असेल तर लघवीतून ऑक्झलेट जास्त बाहेर पडतं. खाण्यात मीठ जास्त असेल तर बाहेर जाताना ते कॅल्शियमला सोबत ओढून नेतं. पाक दाट होतो, एवढं कुणालाही कळेल. पण दुसरी एक वाट आहे ती फार अनपेक्षित आहे, आणि तिच्यासाठी आपल्याला एक वेगळा खडा हातात घ्यावा लागेल.

हा खडा पिवळसर, नारिंगी, कधी तांबूस. बहुधा गुळगुळीत. साध्या एक्स-रेत दिसतच नाही! सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सापडतो. हा युरिक आम्लाचा खडा. 1776 साली कार्ल शेले नावाच्या स्वीडिश औषधविक्या-रसायनतज्ज्ञाने हे आम्ल जगात पहिल्यांदा वेगळं काढलं, ते मूत्राशयातल्या खड्यांतूनच. म्हणजे खडा आधी हाती लागला आणि त्यात बसलेला पदार्थ मागून ओळखला गेला.

युरिक आम्ल आपल्याकडे इतकं साठतं, यामागेही एक जुनी कथा आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या यकृतात युरिकेज नावाचं विकर असतं. ते युरिक आम्लाचं रूपांतर सहज विरघळणाऱ्या पदार्थात करून टाकतं. उंदराकडे ते आहे, गाईकडे आहे, मांजराकडे आहे. आपल्याकडे नाही. माणूस आणि मोठ्या वानरांच्या पूर्वजांमध्ये लक्षावधी वर्षांपूर्वी ते जनुक बिघडलं आणि तसंच पुढे चालत आलं. आपल्या शरीरात ते मोडकं जनुक अजून आहे, अडगळीतल्या बंद पडलेल्या यंत्रासारखा.

तर रोज सुमारे 600 मिलिग्रॅम युरिक आम्ल लघवीतून बाहेर काढावं लागतं. दीड लिटर लघवी धरली तर लिटरमागे 400 मिलिग्रॅम. ते विरघळेल की नाही, हे कशावर ठरतं? लघवी किती आंबट आहे, यावर. शाळेत सामू शिकलो होतो, आठवतं? डॉक्टर ज्याला पीएच म्हणतात तोच. लघवीचा सामू साधारण 6 च्या आसपास फिरत असतो. तो 6.5 असला तर एका लिटरमध्ये चौदाशे मिलिग्रॅमच्या आसपास युरिक आम्ल आरामात मावतं. आपल्याला हवं होतं 400. काही अडचण नाही! पण तोच सामू 5 वर आला तर? मावतं जेमतेम दीडशे. बाकीच्याला पाकात जागाच उरत नाही.

थांबा, इथे थोडं थांबूया. युरिक आम्ल एका कणानेही वाढलेलं नाही. पाणी तेवढंच प्यायलेलं आहे. फक्त लघवीचा आंबटपणा वाढला आणि मावण्याची जागा दहापटीने घटली. लघवी वाहती असली तरी इतक्या उरलेल्या पदार्थाला कुठे ना कुठे बसायला जागा सापडतेच.

आणि हा आंबटपणा वजनाशी बांधलेला निघाला. 2004 साली डॅलस आणि शिकागो इथल्या संशोधकांनी हजारो मुतखड्याच्या रुग्णांच्या चोवीस तासांच्या लघवीचा हिशेब मांडला. जसजसं वजन वाढत जातं, तसतसा लघवीचा सामू खाली येतो. पायरी-पायरीने, इतका नियमाने की पाहत राहावं. चोवीस तासांच्या बाटलीतल्या लघवीला माणसाच्या वजनाची बातमी कुणी सांगितली?

सांगणारा निघाला इन्सुलिन.

शरीरात रोज आम्ल तयार होतं, विशेषतः मांस, अंडी यांसारख्या प्रथिनांतून. ते मूत्रपिंडाने बाहेर टाकायचं असतं. पण आम्ल तसंच मोकळं सोडलं तर लघवी फार आंबट होईल. म्हणून मूत्रपिंड एक युक्ती करतं. ते अमोनिया बनवतं. अमोनियाचा एक रेणू आम्लाचा एक कण उचलतो आणि त्याला घेऊन बाहेर पडतो. रेल्वे स्टेशनवरचे हमाल डोळ्यांसमोर आणा. गाडीतून सामान उतरलं आहे, हमाल येतात, डोक्यावर घेतात आणि फलाट मोकळा होतो. हमाल भरपूर असतील तर कितीही सामान उतरलं तरी गर्दी दिसत नाही. लघवीतून तेवढंच आम्ल बाहेर गेलं, पण लघवी आंबट झाली नाही!

या हमालांचा मुकादम म्हणजे इन्सुलिन. आपण इन्सुलिनला साखरेच्या खात्यातलाच समजतो, पण मूत्रपिंडात अमोनिया तयार करण्याचा हुकूमही त्याच्याकडून जातो. आता पोटात चरबी साठत गेली की काय होतं? शरीराच्या पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात ते हेच. मुकादम घसा फोडून ओरडतो आहे, पण हमाल यायला तयार नाहीत. शिवाय मूत्रपिंडाच्या त्या पेशी अमोनिया बनवतात ग्लुटामाइन नावाचा पदार्थ वापरून, जो त्यांचं एक इंधनही असतो. संशोधकांना असं वाटतं, की भोवती चरबीच मुबलक असेल तर पेशी चुलीत चरबी घालतात, ग्लुटामाइन पडून राहतं आणि अमोनिया कमी होतो. दोन्हीकडून हमालांचा तुटवडा. मग सामान फलाटावरच पसरतं. सामू खाली. युरिक आम्लाला जागा नाही. खडा.

लघवीच्या एका बाटलीत पोटाच्या घेराची सगळी हकीगत येते ती अशी!

हे खरं असेल तर ज्यांचं इन्सुलिन सर्वांत जास्त दुर्लक्षिलं जातं त्यांच्यात, म्हणजे टाइप 2 मधुमेह असलेल्यांमध्ये, युरिक आम्लाचे खडे जास्त दिसायला हवेत ना? फ्रान्समध्ये मिशेल दोदाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2464 खडे तपासून 2006 साली निष्कर्ष मांडला. मधुमेह नसलेल्यांच्या खड्यांत युरिक आम्लाचे 11.3 टक्के होते. मधुमेह असलेल्यांच्या खड्यांत 35.7 टक्के. तिपटीहून अधिक.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. उत्तर भारतातल्या 1050 खड्यांचं पृथक्करण 2005 साली प्रसिद्ध झालं, त्यात 93 टक्के खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे होते आणि युरिक आम्लाचे एक टक्काही नव्हते. पण मुकादमाची गोष्ट आपल्याला लागू नाही, असं समजू नका. उलट पुण्यात झालेलं एक काम इथे मुद्दाम आठवायला हवं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. म्हणजे वजनकाट्याच्या हिशेबात दोघंही शिडशिडीत. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी लपून बसलेली असू शकते, बऱ्याचदा पोटाच्या आत, आणि इन्सुलिनचा आवाज दाबणारी चरबी नेमकी हीच असते. मूत्रपिंडाला वजनकाटा दिसत नाही. त्याला ऐकू येतो तो मुकादमाचा आवाज, किंवा तो येत नाही. म्हणूनच किलोंपेक्षा कंबरेच्या फितीवर माझा जास्त भरवसा आहे.

मग वजन उतरवलं की प्रश्न सुटला? इथे आणखी एक गंमत आहे. वजन कसं उतरवता त्यावर ते ठरतं.

भात-पोळी बंद करून मांसाहारावर भर देणारा आहार घ्या. 2002 सालच्या एका छोट्या अभ्यासात दहा निरोगी माणसांनी तसं केलं. दोनच आठवड्यांत त्यांच्या लघवीचा सामू 6.09 वरून 5.56 वर आला. वजन कमी होत होतं आणि फलाटावर सामान वाढत होतं.

वजन कमी करण्याच्या बायपास शस्त्रक्रियेची कथा तर याहून विलक्षण आहे. यात जठर लहान करतात आणि आतड्याचा काही भाग वगळून अन्न पुढे नेतात. वजन झपाट्याने उतरतं, मधुमेह आटोक्यात येतो. आणि ही शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी काही जणांना आयुष्यात पहिल्यांदाच मुतखडा होतो! तोही कॅल्शियम ऑक्झलेटचा. का? आतड्यात एरवी एक छान देवघेव चालू असते. जेवणातलं कॅल्शियम आणि जेवणातलं ऑक्झलेट तिथेच एकमेकांना धरतात आणि शौचावाटे निघून जातात. पालकातलं ऑक्झलेट दह्यातल्या कॅल्शियमला भेटतं आणि मूत्रपिंडाला त्याची खबरही लागत नाही. पण बायपासनंतर स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत. ते पुढे सरकतात आणि वाटेत कॅल्शियमला गाठतात. स्निग्धाम्ल आणि कॅल्शियम एकत्र आले की काय होतं माहीत आहे? साबण! अक्षरशः साबण, तुमच्या आतड्यात. कॅल्शियम साबणात अडकलं, ऑक्झलेटला जोडीदार उरला नाही. मग ते मोकळं ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात शिरतं आणि तिथून लघवीच्या पाकात. नुसतं जठर लहान करणाऱ्या शस्त्रक्रियेत आतड्याला हात लागत नाही, आणि तिथे हा धोका असा वाढलेला दिसत नाही.

या साबणाने एक जुना गैरसमजही धुतला. खडा कॅल्शियमचा, तेव्हा दूध-दही बंद करा, हा सल्ला कितीतरी वर्षं दिला गेला. ऐकायला किती बरोबर वाटतो! इटलीत पार्मा इथल्या लोरिस बोर्गी यांनी वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांचे दोन गट केले. एका गटाचं कॅल्शियम तोडलं. दुसऱ्याला नेहमीएवढं कॅल्शियम दिलं, फक्त मीठ आणि मांस कमी केलं. पाच वर्षांनी पहिल्या गटात 60 पैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला होता, दुसऱ्यात 12 जणांना. दूध मूत्रपिंडाचा शत्रू नव्हतंच. आतड्यात ऑक्झलेटला दारातच अडवणारा तो पहारेकरी होता.

आता परत त्या पिवळ्या, एक्स-रेला न दिसणाऱ्या खड्याकडे जाऊ, कारण त्याची शेवटची खुबी सांगायची राहिली आहे. कॅल्शियमचा खडा एकदा झाला की औषधाने विरघळवता येत नाही. तो पडावा लागतो किंवा फोडावा लागतो. आघातलहरींनी बाहेरून फोडायचा म्हटलं, तर तिथेही कातडीपासून खड्यापर्यंतचं अंतर आडवं येतं. ते दहा सेंटिमीटरच्या पुढे गेलं की लहरींचा जोर वाटेतल्या चरबीतच बराचसा मुरतो. युरिक आम्लाच्या खड्याचं तसं नाही. तो ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जाऊ शकतो. डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात, सामू सहाच्या वर, साडेसहाच्या आसपास ठेवतात आणि सोनोग्राफीने लक्ष ठेवतात. लघवीत पुन्हा जागा होते. बारा मिलिमीटरची सावली पुढच्या तपासणीत आठची झालेली असते, मग चारची. पाकाने एकेक कण परत आपल्यात घेतलेला असतो. आणि ज्याने हे घडवलं ते सायट्रेट म्हणजे पाक साखरू नये म्हणून स्वयंपाकघरात पिळलेल्या लिंबातलंच.